माती परीक्षणाच्या कागदावर शिसं कधी येणार?

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरातली जमीन आरोग्य पत्रिका एकदा काढून बघा. कुणी ती फायलीत ठेवली असेल, कुणी देव्हाऱ्याच्या मागे खोचली असेल. त्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. २०१५ साली ही योजना देशभर सुरू झाली आणि तिचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. पण या बारांत शिसं नाही. अँटिमनी नाही, आर्सेनिकही नाही. म्हणजे पिकाला काय कमी पडतंय ते पत्रिका सांगते, जमिनीत नको ते काय पडलंय ते सांगत नाही.

बहुतेक गावांना त्यानं फरक पडत नाही. पण ज्या गावांच्या शिवेला गोळीबाराचं मैदान लागून आहे, त्यांना पडतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. खारे-कर्जुन्याच्या नावानं ओळखली जाणारी के. के. रेंज नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांच्या गावांना माहीत आहे. रणगाड्यांचे आवाज ऐकतच तिथली पोरं मोठी झाली. नाशिककडे देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो. शिवाय कितीतरी जिल्ह्यांच्या ठिकाणी पोलिसांची गोळीबाराची मैदानं आहेत. जुनी माणसं त्याला चांदमारी म्हणतात. काही ठिकाणी चांदमारी बंद झाली, तिथं वस्ती उभी राहिली आणि नाव तेवढं उरलं.

या विषयावर गावात बोलणं निघालं की ते जमीन संपादनावर जातं, नाहीतर आवाजावर आणि भिंतींच्या तड्यांवर जातं. ते प्रश्न खरेच आहेत. पण मातीत काय साठतं, यावर कुणी बोलत नाही. कृषी खात्यात गावपातळीवर काम करणारा माणूस म्हणून मला वाटतं, आता बोललं पाहिजे.

गोळी कुठं जाते?

बंदुकीच्या गोळीचा गाभा मुख्यतः शिशाचा असतो. तो कडक व्हावा म्हणून त्यात थोडं अँटिमनी मिसळतात. वरचं कवच तांब्या-जस्ताचं. निशाणामागं मातीचा उंच बांध असतो, त्यात गोळी घुसते, फुटते आणि तिथंच राहते. सराव संपला, जवान गेले, पण गोळी जमिनीतच राहिली. पुढच्या आठवड्यात तिथंच आणखी गोळ्या.

हिशेब साधा आहे. एका गोळीत पाच ग्रॅम शिसं धरा. दहा हजार गोळ्या म्हणजे ५० किलो. एक एकराच्या वरच्या दोन इंच मातीचं वजन ढोबळमानानं २६० टन भरतं. ते ५० किलो शिसं या एकरभर मातीत सारखं पसरलं, तर किलोमागं १९० मिलिग्रॅमच्या आसपास पडतं. साध्या शेतजमिनीत निसर्गतः शिसं किलोमागं १० ते ३० मिलिग्रॅम असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं घरांभोवतीच्या मातीसाठी ४०० मिलिग्रॅमचं प्रमाण २०२४ साली खाली आणून २०० केलं. म्हणजे दहा हजार गोळ्यांत एक एकर त्या रेषेशी येऊन ठेपतो. आणि गोळ्या एकरभर पसरत नाहीत, एका बांधातच पडतात. म्हणूनच जगभरात अशा बांधांच्या मातीत किलोमागं हजारो मिलिग्रॅम शिसं सापडलेलं आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तोफेचा किंवा रणगाड्याचा गोळा म्हणजे शिसं नव्हे. त्यात पोलाद असतं, काही गोळ्यांत टंगस्टन असतं आणि स्फोटकाचे अंश मातीत उरतात. शिशाचा प्रश्न मुख्यतः बंदुका, रायफली आणि मशीनगनच्या मैदानांचा आहे. म्हणून 'रेंज आहे म्हणजे सगळी जमीन विषारी' असं सरसकट बोलू नये. कुठं काय वापरलं जातं त्यावर काय तपासायचं ते ठरतं.

शिसं कुजत नाही

कीटकनाशक फवारलं तर काही दिवसांनी, काही महिन्यांनी त्याचं विघटन होतं. शिसं हा मूळ धातू आहे. त्याचं विघटन होत नाही, फक्त रूप बदलतं. हवा-पाण्यानं गोळीवर पांढरट थर चढतो, तो झिजून मातीत मिसळतो. माती आम्ल असेल तर शिसं जास्त विरघळतं. कोकणातली जांभी जमीन, घाटमाथ्याची जास्त पावसाची जमीन या प्रकारात येते. आपल्याकडची काळी, चुनखडीयुक्त जमीन शिसं धरून ठेवते. सामू साडेसात-आठ, त्यात चिकणमाती भरपूर, त्यामुळे शिसं वरच्या थरातच अडकून बसतं आणि विहिरीच्या पाण्यापर्यंत सहजासहजी पोहोचत नाही.

म्हणून निश्चिंत व्हायचं का? नाही. शिसं ज्या अल्कधर्मी जमिनीत अडकतं, त्याच जमिनीत अँटिमनी जास्त मोकळं होतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. शिवाय अडकलेलं शिसं जागेवर राहतं ते माती जागेवर आहे तोवर. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की उघड्या बांधाची माती ओघळीतून नाल्यात, नाल्यातून पाझर तलावात उतरते. आणि तलावातला गाळ आपण उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं भरून शेतात टाकतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही चांगली योजना आहे, मी स्वतः तिचा प्रचार करतो. पण ज्या तलावाचं पाणलोट गोळीबाराच्या मैदानातून येतं, त्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात जाऊ नये, एवढं साधं कलम त्यात घालायला काय हरकत आहे? गाळ एकदा पसरला की तो परत गोळा करता येत नाही.

बाहेरच्यांनी काय पाहिलं

स्वित्झर्लंड हा डोंगराळ, दूधदुभत्याचा देश. तिथं तरुणांना सैनिकी सेवा सक्तीची आहे आणि निशाणबाजीचा सराव गावोगाव चालत आलेला आहे. गावाच्या कुरणाच्या कडेला निशाण आणि मागं मातीचा उतार, अशी पद्धत. वर्षानुवर्षं शेकडो टन शिसं त्या मातीत जात राहिलं. पुढं मोजणी झाली तेव्हा अशा दूषित जागा सुमारे ४,००० निघाल्या. त्यांनी चांदमाऱ्या सरसकट बंद केल्या नाहीत. निशाणामागं गोळी अडवणाऱ्या पेट्या बसवल्या, म्हणजे गोळी मातीत न जाता पेटीत पडते आणि शिसं परत वितळवता येतं. जुनी माती उचलण्यासाठी केंद्र सरकारनं पैसे दिले. त्या देशाचं सैन्य त्यामुळे दुबळं झालं नाही.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लॉर्डशिप पॉइंट नावाची जागा आहे. तिथं समुद्रकाठच्या एका क्लबात १९२० च्या दशकापासून १९८६ पर्यंत उडत्या चकत्यांवर छऱ्यांची बंदूक चालवत. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा तिथं साठलेल्या छऱ्यांचं वजन सुमारे २,४०० टन सांगितलं गेलं. १९९३ साली वरिष्ठ न्यायालयानं ते शिसं म्हणजे कायद्यानं घातक कचराच आहे, असं म्हटलं. सत्तर वर्षं कुणी कचरा टाकतोय असं कुणाला वाटलंच नव्हतं, सगळ्यांना तो खेळ वाटत होता.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॅम्प एडवर्ड्स नावाचं लष्करी सरावाचं ठिकाण आहे. त्याच्या खाली आसपासच्या गावांचा पिण्याच्या पाण्याचा एकमेव भूजलसाठा आहे. १९९७ साली तिथं शिशाच्या गोळ्यांचा सराव थांबवण्याचा आदेश निघाला. भूजलात स्फोटकांचे अंशही सापडले. मग शिशाऐवजी टंगस्टन आणि नायलॉनची गोळी आणली. ही गोळी निर्धोक आहे असं सांगितलं गेलं. काही वर्षांत टंगस्टनच पाण्यात सापडलं आणि २००६ साली तीही गोळी बंद करावी लागली. यातून धडा एवढाच की निर्धोक हा शब्द कागदावर लिहून भागत नाही, माती आणि पाणी वरचेवर तपासावं लागतं.

जनावर आधी सांगतं

पीक शिशाबद्दल फारसं बोलत नाही. बहुतेक पिकांत शिसं मुळातच अडकतं, दाण्यात कमी जातं. ज्वारी, बाजरी, कापूस यांना तुलनेनं धोका कमी. जास्त धोका मेथी, पालक, कोथिंबीर अशा पालेभाज्यांना, कारण पानांवर धूळ बसते, आणि मुळा, गाजर, बीट यांना, कारण ती मातीतच वाढतात. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत पालेभाजीत शिशाची मर्यादा किलोमागं ०.३ मिलिग्रॅम आहे. चिमूटभर दूषित माती पानाला चिकटून राहिली तरी ही मर्यादा ओलांडू शकते.

जनावराचं तसं नाही. गाय चरताना गवताबरोबर माती खाते. उन्हाळ्यात गवत खुरटं असलं की जास्त खाते. वासरांना तर चाटायची सवयच असते. छऱ्यांचा मारा झालेल्या रानातला मका कापून मुरघास केला आणि तो खाऊन गाईंना विषबाधा झाली, अशी नोंद अमेरिकेत आहे. आपल्याकडे आता मुरघास घरोघरी पोहोचलाय, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

लक्षणं अशी. जनावर दात खातं, डोळ्यांनी दिसेनासं होतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, अंग थरथरतं, चाल अडखळते, चारा टाकतं. वासरू तर काही कळायच्या आत जातं. ही लक्षणं पिसाळलेल्या जनावरासारखीही दिसतात, म्हणून तोंडात हात घालू नका. लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा आणि जनावर कुठं चरलं ते त्यांना न विचारता सांगा. शिशाची शंका आली नाही तर त्याची तपासणीही होत नाही.

माणसांत लहान मुलांना सर्वांत जास्त त्रास. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रांगणारं मूल मातीत हात घालतं, तोच हात तोंडात जातो.

भंगाराचा मोह

यात एक कटू गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रेंजमधून गोळ्या, पितळ, पोलाद गोळा करून भंगारात विकणं हा काही घरांचा रोजगार झालेला आहे. न फुटलेला गोळा हाताळताना माणसं गेल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातून आलेल्या आहेत. स्फोटाचा धोका सगळ्यांना कळतो. पण शिसं चुलीवर वितळवणं हाही धोकाच आहे, तो हळू काम करतो म्हणून कळत नाही. वितळलेल्या शिशाची वाफ आणि राख घरात पसरते, भांड्यांवर, अंथरुणावर, धान्याच्या कणगीवर बसते. ज्या घरात कोरडवाहू जमिनीवर पोट भरत नाही, त्या घराला नुसतं 'जाऊ नका' म्हणून चालणार नाही, रोजगार हमीचं काम हाताला द्यावं लागेल. पण शिसं घरात वितळवू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगेन. आणि न फुटलेली वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

आपण काय करायचं

मातीचा नमुना घ्यायची पद्धत आपण जाणता. इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा, वीतभर खोल, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र. शिशासाठी ही पद्धत थोडी बदलावी लागते. शिसं वरच राहतं, म्हणून वरच्या दोन इंचांचा नमुना वेगळा आणि त्याखालचा वेगळा घ्या. नाल्याच्या काठचा तुकडा, गाळ टाकलेला तुकडा, मैदानाच्या बाजूचा तुकडा असे नमुने अलग ठेवा, एकत्र कालवू नका, नाहीतर दूषित तुकडा चांगल्या मातीत झाकून जाईल. त्याच प्रकारच्या जमिनीचा एक नमुना मैदानापासून लांबच्या शेतातून घ्या, म्हणजे तुलना करता येईल. नमुना फक्त स्वतःच्या शेतातला घ्या. मैदानाच्या हद्दीत पाऊल टाकू नका.

प्रयोगशाळा नाही म्हणून कुणी सांगेल. पण जस्त आणि लोह ज्या प्रकारच्या यंत्रावर मोजतात, त्याच यंत्रात शिशाचा दिवा बसवून शिसं मोजता येतं. एकूण शिशासाठी माती आम्लात विरघळवून घ्यावी लागते, एवढाच फरक. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या उंबऱ्यावर आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. विद्यापीठानं रेंजलगतच्या गावांसाठी एक तपासणी मोहीम हातात घेतली, तर यापेक्षा उपयोगी काम कुठलं?

शिसं जास्त निघालं तरी जमीन पडीक पडत नाही. तिथं पालेभाजी आणि कंदमुळं टाळा, कपाशी किंवा इतर बिगरखाद्य पीक घ्या. शेणखत भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ शिसं धरून ठेवतो. स्फुरदानंही शिसं बांधलं जातं, पण त्यानंच अँटिमनी आणि आर्सेनिक मोकळं होऊ शकतं, म्हणून सल्ल्याशिवाय सुपर फॉस्फेटच्या गोण्या ओतू नका. माती उघडी ठेवू नका. ओघळीच्या तोंडाला वाळा लावा, तो शिसं सोसतो आणि मातीही धरतो. पिण्याच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. आपल्या मानकाप्रमाणे लिटरमागं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसं चालत नाही.

भाऊसाहेबांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि महसूलचे भाऊसाहेब यांना एक कायदा आठवून देतो. लष्करी सराव आणि गोळीबारासाठी १९३८ सालचा केंद्राचा कायदा आहे. त्यात सराव क्षेत्राची अधिसूचना आहे, गावात दवंडी आहे आणि व्यक्तीच्या वा मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई आहे. ती ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल अधिकारी द्यायचा असतो. आजवर नुकसान म्हटलं की आपण तुडवलेलं पीक, मेलेलं जनावर, तडा गेलेली भिंत दाखवतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. मातीचं नुकसान दिसत नाही, ते कागदावरच दाखवावं लागतं. आज कागद नसेल तर वीस वर्षांनी आपल्या मुलांनी कुठल्या तोंडानं भरपाई मागायची? 'हे आधीपासूनच होतं' असं कुणी म्हटलं तर उत्तर काय द्यायचं?

काही शेतकरी मला खासगीत म्हणतात, 'साहेब, हे उकरूच नका. शिसं निघालं तर आमची भाजी कोण घेईल? जमिनीचा भाव पडेल. उद्या जमीन खराबच आहे म्हणून संपादनाला सोपं जाईल.' ही भीती खोटी नाही. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, भावाची भाषा मला कळते. पण न तपासलेल्या जमिनीबद्दल अफवा उठायला एक बातमी पुरते, आणि ती उठली की चांगल्या शेताचाही माल त्यात जातो. तपासलेला शेतकरी निदान कागद दाखवू शकतो. बहुतेक शेतं चांगली निघाली तर तोच गावाचा सर्वांत मोठा आधार. दहा शेतं खराब निघाली तर त्या दहांना मदत मिळाली पाहिजे, सगळ्या गावाला डाग लागता कामा नये. म्हणून निकाल आधी शेतकऱ्याच्या हातात पडावा, चावडीवर नव्हे, असं मला वाटतं.

दुसरे म्हणतात, हे लष्कराच्या विरोधात आहे. मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं सैन्यात मुलं पाठवतात. ज्या बांधावर रोज गोळ्या पडतात, त्याच्या सर्वांत जवळ उभा असतो तो आपलाच जवान. त्याच्या श्वासात काय जातं, याचा विचार त्याच्या गावानं नाही करायचा तर कुणी करायचा? पेट्रोलमधून शिसं २००० साली काढलं, तेव्हा गाड्या थांबल्या नाहीत. गोळी पेटीत अडवल्यानं नेमबाजी थांबणार नाही.

मागणी मोठी नाही. गोळीबाराच्या मैदानांलगतच्या गावांना जमीन आरोग्य पत्रिकेत शिसं, अँटिमनी आणि आर्सेनिक हे तीन रकाने वाढवून द्यावेत. मैदानाच्या पाणलोटातला गाळ तपासून मगच उचलू द्यावा. मैदानातून बाहेर येणाऱ्या नाल्यांवर गाळ अडवण्याची सोय करावी आणि तो गाळ शेतात जाऊ देऊ नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, त्याची एक प्रत तहसीलदारांना आणि एक विद्यापीठाला पाठवा. ठरावाला पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात गाळाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत तो झाला, तर यंदाच्याच हंगामापासून फरक पडेल.